किती पैकी?

मे महिन्यातला रविवार, लक्ष्मीनगरला मावशीकडे आमरसाचं जेवण. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत कूलर घरघरतोय, वाळ्याच्या ताटीचा ओला वास रसाच्या वासात मिसळून गेलेला. माझा मामेभाऊ बंगळुरूहून आला होता. तो मेंदूच्या स्कॅनमधून निघणाऱ्या आकड्यांवर पीएच.डी. करतो. म्हणजे मेंदू त्यानं अजून हातात धरलेला नाही. मावशी प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, तिनं शेकड्यांनी धरलेत, माशांचे का असेना. डाव्या हातानं मोबाइल चाळता चाळता तो एकदम म्हणाला, "आत्या, सापडलीस तू! एच-इंडेक्स चार." मावशी तेव्हा वाटीतल्या रसावर तूप सोडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "किती पैकी?"

सगळे हसले, तीही हसली, आणि गप्पा बैंगनफल्ली बरा की दशहरी यावर गेल्या. मला मात्र तो प्रश्न रात्री गच्चीवर अंथरूण टाकल्यावरही सोडेना. मी बँकेत आयुष्य काढलंय. आकडा दिसला की तो कुठल्या खात्यातला, कोणत्या तारखेचा, कशासमोर मांडलेला हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि इथे 'किती पैकी' याला उत्तरच नव्हतं. एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचं काम मोजायचा आकडा. भावानं समजावलं ते एवढंच: ज्याचे निदान दहा लेख इतरांनी प्रत्येकी निदान दहा वेळा आपापल्या लेखांत उद्धृत केलेत, त्याचा इंडेक्स दहा. वर मर्यादा नाही. होर्हे हर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही युक्ती काढली. त्यानं भौतिकशास्त्रज्ञांपुरता अंदाजही दिला होता, की नोकरी कायम व्हायला १२च्या आसपास, पूर्ण प्राध्यापक व्हायला १८च्या आसपास. त्याच लेखात त्यानं हेही लिहिलं होतं, की एका आकड्यात माणसाचं सगळं काम मावत नाही, अंदाज तेवढा येतो. जगानं आकडा उचलला आणि ते वाक्य तिथेच ठेवलं. मावशी निवृत्त झाली २००४ साली. जी मोजपट्टी तिच्या निरोप समारंभानंतर तयार झाली, तिनं तिची उंची मोजून आमरसाच्या ताटाशेजारी ठेवली होती.

मावशीचा विषय मांगूर माशाचा हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूचा तळाकडचा एक भाग. तिथल्या काही चेतापेशी ग्रंथीचं काम करतात, स्राव तयार करून लांब धाग्यांवाटे खाली पिट्युइटरी ग्रंथीकडे धाडतात, आणि माशाच्या विणीचा हंगाम या कारभाराशी जोडलेला असतो. चेतापेशी स्राव करते असं १९२८ साली एर्न्स्ट शारर या जर्मन शास्त्रज्ञानं म्हटलं, तेही एका छोट्या माशाचा मेंदू बघूनच, आणि पुढे बरीच वर्षं त्याच्यावर फारसं कुणी विश्वास ठेवला नाही. १९४९ मध्ये बार्गमान या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानं गोमोरीचं रंजक वापरून तो स्राव गडद निळा रंगवून दाखवला, तेव्हा कुठे हवा बदलली. पुढे भारतातल्या कितीतरी प्राणिशास्त्र विभागांनी हे काम उचललं. कारण सरळ होतं: मासे आपल्या तलावात होते, सूक्ष्मदर्शक कपाटात होता, आणि महागड्या यंत्रांची गरज नव्हती. नागपुरात मावशीनं उचललं. गोरेवाड्याकडचा एक ढिवर तिला मांगूर आणून द्यायचा. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलवरून आला तरी प्रयोगशाळेच्या टाक्यात सोडला की शेपटी आपटायला लागायचा. मेंदू काढून टिकवण्यासाठी बुइनच्या द्रावणात ठेवायचे, मग मेणात बसवायचे. त्यात पिक्रिक ॲसिड, त्यामुळे मावशीची बोटं कायम पिवळी. हळदीकुंकवाला बायका त्यावरून थट्टा करायच्या. खरी परीक्षा मे-जूनमध्ये, कारण विणीच्या तोंडावरचे मेंदू नेमके तेव्हाच हवेत, आणि नागपूरच्या उन्हात मेणाचे ठोकळे असे मऊ पडतात की मायक्रोटोमच्या, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राच्या, पात्याखाली काप निघण्याऐवजी नुसता चिखल होतो. मग पहाटे पाचला जायचं, बर्फाच्या लादीवर ठोकळे गार करायचे आणि ऊन चढायच्या आत जेवढी निघतील तेवढी रिबनं काढायची. शाळेला सुट्टी असली की मी सोबत जायची. पाच-सहा मायक्रॉनच्या पातळ कापांची ती लांब फीत ब्रशच्या टोकावर तोलून मावशी कोमट पाण्यावर सोडायची, आणि त्या वेळी खोलीत कुणी शिंकायचंही नाही, असा नियम होता. एका माशामागे शेकडो काप. मग रंगवणं, मग मोजणं, मग चित्र. एक ओळीचं निरीक्षण लिहायला वर्ष गेलं तर ती त्याला वेग म्हणायची.

लेख छापून आला की पत्रं यायची. आजच्या मुलांना ही पत्रं ठाऊक नाहीत. साध्या पोस्टकार्डावर छापील मजकूर असायचा: आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवल्यास आभारी होऊ, खाली हातानं लेखाचं नाव, सही, पत्ता. पूर्व जर्मनी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, अर्जेंटिना. मावशीकडे बाटाच्या बुटांच्या खोक्यात ती अजून आहेत, तिकिटं जमवणाऱ्या पोरांनी कोपरे कापून नेलेली. ती स्वतःही अशी कार्डं पाठवायची. विभागात 'करंट कंटेंट्स' नावाचं खिशात मावेल एवढं साप्ताहिक यायचं, जगभरच्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका आणि मागे लेखकांचे पत्ते. ती ते बसमध्ये वाचायची आणि पेन्सिलीनं खुणा करायची. काढणारा माणूस होता फिलाडेल्फियाचा युजीन गारफिल्ड. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, कारण मामेभावाच्या मोबाइलवरच्या त्या चारचा आजोबा तोच.

आता त्या चारविषयी.

दुसऱ्या दिवशी मी भावाला सगळा हिशेब नीट काढायला बसवलं. तेव्हा लक्षात आलं, की त्या डेटाबेसमध्ये मावशी एक नाही, दोन आहेत. पीएच.डी. झाली ती माहेरच्या नावानं: स्वतःचं आद्याक्षर, वडिलांचं आद्याक्षर, माहेरचं आडनाव. १९७४ साली लग्न झालं. सासरी नाव बदललं, तेही आपल्याकडच्या रीतीनं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. म्हणजे पहिलं आद्याक्षर गेलं, मधलं गेलं, आडनावही गेलं. पुढचे सगळे लेख एका नव्याच बाईनं लिहिले. यंत्राला काय कळणार? त्यानं दोघींची खाती वेगळी उघडली. माहेरच्या खात्यात लेखांचे उल्लेख उतरत्या क्रमानं ६१, २२, १४, ९, ७, ६, ३. सहावा लेख सहा वेळा, म्हणून इंडेक्स सहा. सासरच्या खात्यात १९, १२, ८, ५, ४. चौथा पाच वेळा, पाचवा चारच वेळा, म्हणून इंडेक्स चार. जेवताना सापडली ती सासरची. दोघींना एकत्र करून पुन्हा ओळ लावली: ६१, २२, १९, १४, १२, ९, ८, ७. सातवा लेख आठ वेळा, आठवा सातच वेळा. इंडेक्स सात.

सहा आणि चार मिळून सात.

बँकेत असं घडलं असतं तर ऑडिटरनं रात्रभर बसवलं असतं. पण गणितात चूक नाही. हा इंडेक्स बेरजेला बसतच नाही. आणि त्यातही गंमत अशी, की ६१ हा आकडा ६१ असो की सहाशे एक, सातचे आठ होत नाहीत. तिचं सगळ्यात मोठं काम या हिशेबात फक्त एका खुंटीएवढं मोजलं जातं. २०१२ पासून संशोधकाला 'ऑर्किड' (ORCID) नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळतो, लग्न झालं, नाव बदललं, तरी क्रमांक तोच. त्यामुळे आताच्या मुलींचं निभतं. मावशीच्या पिढीतल्या किती बायका अशा दोन-दोन अर्ध्या खात्यांत पडून असतील, कुणी मोजलं असेल असं वाटत नाही. त्या एर्न्स्ट शाररची बायको बेर्टा हीसुद्धा शास्त्रज्ञ. दोघांनी प्राणिसृष्टी वाटून घेतली, पाठीचा कणा असलेले त्याच्याकडे, नसलेले हिच्याकडे. तो जाईल त्या विद्यापीठात त्याला पगार आणि हिला बसायला एक कोपरा, असं कित्येक वर्षं चाललं. प्राणी विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून तिनं झुरळांवर काम केलं. झुरळं फुकट मिळतात. कीटकांच्या मेंदूतला स्राव तिनं त्यांच्यातच दाखवला, आणि पुढे अमेरिकेचं विज्ञानातलं राष्ट्रीय पदकही तिला मिळालं. मावशी ही गोष्ट एम.एस्सी.च्या वर्गात दरवर्षी सांगायची. झुरळांपाशी आली की मुली किंचाळायच्या, मुलं हसायची, आणि पगाराचं वाक्य त्या गोंधळात वाहून जायचं.

इथपर्यंत वाचून वाटेल, की मी आकड्यांविरुद्ध फिर्याद घेऊन आलेय. तसं नाही. मोजदाद नव्हती तेव्हा काय होतं तेही मी पाहिलंय. एका निवडीच्या वेळी मावशीच्या पुढे दुसरं नाव लागलं. त्या गृहस्थांचे लेख किती हे कुणी विचारलं नाही. ते कुणाचे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मावशीनं पुढच्या खेपेला मुंबईच्या एका मैत्रिणीकरवी 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे ते जाडजूड खंड उघडवले. मुंगीएवढ्या अक्षरातल्या नोंदी भिंगाखाली वाचून मैत्रिणीनं हातानं यादी उतरवून पाठवली: कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, कोणी हिचं काम उद्धृत केलं. समितीतल्या एकानं ते कागद उलटसुलट करून विचारलं, "हे काय असतं?" पण दुसऱ्याला ठाऊक होतं. ती जागा मावशीला मिळाली. नागपुरातल्या बाईला, जिचा दिल्लीत कुणी काका-मामा नाही, जिच्या मागे मोठ्या गुरूचं नाव नाही, तिच्या बाजूनं बोलायला एवढा एकच साक्षीदार होता, आणि तो पोलंडमधल्या अनोळखी माणसाच्या तळटिपेत बसला होता. तेव्हा मोजणीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. नावं ठेवायचीच तर नंतर जे झालं त्याला ठेवीन. प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचे तक्ते लागले, तसे पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिकं गल्लोगल्ली उगवली, आणि मेणाची फीत पाण्यावर सोडायला कुणाला वेळ उरला नाही.

त्या हिशेबाच्या संध्याकाळी काका, म्हणजे मावशीचे यजमान, बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होते. काका वकील, हायकोर्टात उभी हयात गेलेली. त्यांच्या खोलीत भिंतभर 'ऑल इंडिया रिपोर्टर' या निकालसंग्रहाचे खंड, इथेच आपल्या नागपुरातून निघणारे. काका झोपेतही 'एआयआर १९७३ एससी १४६१' म्हणतील; केशवानंद भारतीचा निकाल. ते आत आले आणि म्हणाले, "पोरी, एकसष्ट वेळा साइट झालं, हे कळलं. पण काय म्हणून? फॉलो केलं, डिस्टिंग्विश केलं, की ओव्हररूल?" भाऊ म्हणाला, ते लिहिलेलं नसतं, फक्त संख्या असते. काकांनी आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ते तारीख मागणाऱ्या ज्युनिअरकडे पाहत असतील. "म्हणजे ओव्हररूल झालेला निकाल पण तुमच्यात प्लसमध्येच धरून राहिले? कमाल आहे बुवा."

मला वाटलं, वकिली खाक्या. मग वाचत गेले आणि चकित झाले. गारफिल्डला ही कल्पना सुचली ती कायद्यावरूनच. अमेरिकेत फ्रँक शेपर्डनं १८७३ पासून वकिलांसाठी याद्या काढल्या होत्या, की हा निकाल पुढे कोणकोणत्या निकालांत आला, आणि पुढे त्या नोंदींना बारीक खुणा लागल्या: पाळला, वेगळा ठरवला, उलटवला. त्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेअर नावाच्या गृहस्थानं १९५३ साली गारफिल्डला पत्र लिहून ही पद्धत कळवली. १९५५ मध्ये गारफिल्डनं विज्ञानासाठी अशी सूची असावी असा लेख लिहिला, १९६४ मध्ये ती प्रत्यक्षात आणली, तोच तो 'सायन्स सायटेशन इंडेक्स'. आणि त्या १९५५च्या लेखात त्याचा एक हेतू स्पष्ट दिलाय: जुन्या लेखावर पुढे कोणी टीका केली हे वाचणाऱ्याला कळावं, म्हणजे खोटी, अर्धवट किंवा शिळी माहिती डोळे मिटून पुढे ढकलली जाणार नाही. त्याला हवी होती शोधायची सोय. सूची झाली, सोय झाली, पण शेपर्डच्या त्या बारीक खुणा वाटेत कुठेतरी गळल्या आणि मोजायला नुसते ठिपके उरले. अल्झायमरवरचा २००६ सालचा 'नेचर'मधला एक गाजलेला लेख घ्या. त्यातल्या चित्रांत फेरफार असल्याचं पुढे आलं आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. तोवर त्याचे उल्लेख अडीच हजारांच्या घरात गेले होते. काकांच्या भाषेत, तेही सगळे प्लसमध्येच.

मग मी एक उद्योग केला. मावशीच्या सगळ्यात जास्त उद्धृत झालेल्या लेखाचे उल्लेख, जेवढे उघडता आले तेवढे, एकेक उघडून बघितले. विज्ञान मला कळत नाही, पण वाक्य कळतं. बरेचसे उल्लेख कंसातल्या गर्दीतले होते: 'माशांमध्ये असे स्राव आढळतात', आणि पुढे आठ-दहा नावांची रांग, त्यात आमची एक. लग्नाच्या पत्रिकेत खाली 'आपले नम्र' म्हणून अख्ख्या खानदानाची नावं असतात तसं. काहींनी लेख वाचलेलाच नसावा, कारण पानाचा आकडा चुकलेला, आणि तीच चूक पुढच्या तिघांनी जशीच्या तशी उतरवलेली. एकानं माशाची जातच बदलली. पण दोघांनी तिची पद्धत घेऊन काम केलं होतं. बर्फाच्या लादीवर ठोकळे गार करण्याची युक्तीसुद्धा, तिच्या नावानिशी. ते वाचताना मला त्या पहाटेच्या खोलीतला झायलीनचा वास आला, खोटं कशाला सांगू. आणि एका लेखात चर्चेच्या भागात तीन वाक्यं होती: हिला पावसाळ्याच्या तोंडावर पेशी रिकाम्या दिसल्या, आम्हाला तसं दिसलं नाही, आमचं निरीक्षण हिच्याशी जुळत नाही.

हे मावशीला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. वय ऐंशीच्या पुढे, एक डोळा मोतीबिंदूचा. शेवटी सगळंच छापून नेलं, चांगलं वर, हे खाली. तिनं रांगेतले उल्लेख न वाचता बाजूला टाकले. पद्धत वापरणाऱ्या दोघांचे लेख बघितले, "बरं केलं" म्हणाली. आणि तो शेवटचा कागद हाती आल्यावर सरळ बसली. भिंग मागितलं. काकांना टीव्ही बंद करायला लावला. मी बघत राहिले, कारण कार्डांचा खोका काढतानाही तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं नव्हतं. तिचं काम नुसतं मोजण्याऐवजी कुणीतरी तपासून पाहिलं होतं, आणि ते चुकीचं असू शकतं इतपत ते खरं मानलं होतं. काका हळूच म्हणाले, "ओव्हररूल?" तिनं हातानंच त्यांना गप्प केलं.

"यानं मासे कोणत्या महिन्यात धरले ते लिहिलंच नाही," ती म्हणाली. "पाऊस पडायच्या आधीचे की नंतरचे? आठवड्याचा फरक पडला तरी पेशी भरतात. पाण्याचं तापमान पण नाही. अगं, काय करून राहिली तू? लिहून घे नं." मी मोबाइलवर ई-मेल उघडली आणि ती सांगत गेली. महिना विचार. तापमान विचार. तलावातले की हौदातले, तेही विचार. मी म्हटलं, "मावशी, लेख पंधरा वर्षांपूर्वीचा आहे, त्याला आता कुठलं आठवणार?" ती म्हणाली, "वहीत असेल. नसेल तर मासे आणणाऱ्याला विचारायला सांग. त्याला माहीत असतं."